देहाच्या हानीचे मोजमाप : थोडा इतिहास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादिका भगिनींचा आग्रह पडला, तेव्हा पाककृती किंवा प्रवासवर्णन द्यावे असेच प्रथम मनात आले. परंतु गेली काही वर्षे मंडळातर्फे अपंगत्वाच्या दाखल्यासाठी व निराधार अनुदानासाठी अर्ज भरून देण्याचे काम मी करीत आहे. त्या कामात एक प्रश्न वारंवार कानी येतो : “सरकारने हे चाळीस टक्के कोठून आणले हो?” कोणाला अडतीस मिळतात, कोणाला बेचाळीस. अडतीसवाली रित्या हाताने परत येते आणि बेचाळीसवालीला निदान अर्ज पुढे सरकवता येतो. माणसाच्या देहाची हानी अशी शेकड्यात मोजण्याची रीत कोणी काढली, ती आपल्याकडे कशी आली, आणि त्या मोजमापात बायकांच्या कामाला काय जागा मिळाली, हे जाणून घेण्यासाठी मी बरेच वाचले. त्यातले काही भगिनींपुढे ठेवते.

दुर्बलांना राजाने पोसावे, ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. बालक, वृद्ध, व्याधिग्रस्त आणि अनाथ यांचे भरणपोषण राजाने करावे, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले आहे. राजाच्या कामावर असता मेलेल्याच्या बायकोमुलांना त्याचे वेतन मिळावे, असेही त्यात आहे. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांसाठी जी नेमणूक होत असे, तिला ‘बालपरवेशी’ म्हणत. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात उपकाराचा वास नाही. परंतु येथे मोजणी नव्हती. किती द्यावे, हे माणूस, त्याचे घराणे, त्याची चाकरी आणि धन्याची मर्जी पाहून ठरे.

मोजणी आली ती निराळ्या वाटेने. इंग्लंडात केंट येथे एथेलबर्ट नावाचा राजा इसवी सन ६०० च्या सुमारास होऊन गेला. त्याच्या कायद्यात अवयवांचे भाव लावलेले आढळतात. डोळा फोडल्यास ५० शिलिंग, अंगठा तोडल्यास २०, बाण सोडण्याच्या बोटास म्हणजे तर्जनीस ९, मधल्या बोटास ४, आणि करंगळीस चक्क ११! हा सरकारी मदतीचा नव्हे, अपराध्याने भरावयाच्या दंडाचा तक्ता होता. तरी प्रत्येक अवयवापुढे एक आकडा, ही पद्धत तेथे स्पष्ट दिसते.

याहून गमतीची आणि तितकीच अंगावर काटा आणणारी यादी समुद्री चाच्यांची आहे. एक्सक्वेमेलिन नावाचा गृहस्थ कॅरिबियन समुद्रातील चाच्यांबरोबर फिरला होता. त्याचे पुस्तक १६७८ साली ॲम्स्टरडॅमला प्रसिद्ध झाले. लुटीवर निघण्यापूर्वी चाचे आपसांत करार करीत, असे तो सांगतो. उजवा हात गेला तर ६०० रौप्यमुद्रा किंवा सहा गुलाम. डावा हात गेला तर ५०० किंवा पाच गुलाम. उजवा पाय ५००, डावा पाय ४००. डोळा १०० किंवा एक गुलाम, आणि बोटालाही तेवढेच. लुटारूंनी आपल्या जखमी सोबत्याची इतकी काळजी घ्यावी, याचे कौतुक वाटते न वाटते तोच ते गुलाम डोळ्यांसमोर येतात. एका माणसाच्या डोळ्याच्या बदली दुसरा अख्खा माणूस! भरपाईच्या तक्त्यात कोण मोजला जातो आणि कोण नुसता चलन म्हणून वापरला जातो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

चाच्यांच्या यादीतील उजव्याडाव्याचा हा भेद भगिनींनी ध्यानात ठेवावा. तो पुढे आपल्याच देशात भेटणार आहे.

कारखाने आले आणि यंत्रांत हात सापडू लागले, तेव्हा ही बाब खाजगी राहिली नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या अमदानीत १८८४ मध्ये कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा झाला आणि १८८९ मध्ये वार्धक्य व अपंगत्वाच्या विम्याचा. या दुसऱ्या कायद्याने एक नवीच कसोटी आणली. तुमचा कोणता अवयव गेला, एवढेच त्यात पाहत नसत. तुमच्यासारखा धडधाकट मनुष्य जेवढे मिळवतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही तुम्हांला मिळवता येत नसेल, तर तुम्ही अपंग, असा तो हिशेब होता. म्हणजे एक मोजमाप देहाचे आणि दुसरे मिळकतीचे. तेव्हापासून आजपर्यंत सर्व देशांचे कायदे या दोन मापांमध्ये हेलकावे खात आले आहेत. ब्रिटनने १८९७ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा केला, आणि त्याचीच धाकटी बहीण १९२३ साली हिंदुस्थानात आली. १ जुलै १९२४ पासून हा कायदा आपल्याकडे अमलात आला.

या १९२३ च्या कायद्याला जोडलेले पहिले परिशिष्ट मी वाचले, त्या दिवशी मला जेवण गोड लागले नाही. किती थोडक्या ओळी त्या! उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला, तर मिळकतीच्या शक्तीत ७० टक्के घट. डावा तसाच गेला तर ६०. उजवा कोपराखाली गेला तर ६०, डावा ५०. पाय गुडघ्यापासून वा वर गेला तर ६०, खाली गेला तर ५०. दोन्ही कानांनी कायमचे बहिरेपण आले तर ५०. एक डोळा ३०. अंगठा २५. तर्जनी १०, आणि बाकीचे कोणतेही बोट ५. तेथे करंगळीला एथेलबर्टाचा मान राहिला नाही!

आता याचे पैसे कसे होत ते पाहा. पूर्ण व कायमचे अपंगत्व आल्यास ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते, असा मूळ नियम होता. गिरणीतल्या एखाद्या कामगाराचा पगार महिना २० रुपये धरला, तर ४२ महिन्यांचे ८४० झाले. उजवा हात कोपरावर गेला तर त्याचे शेकडा सत्तर म्हणजे ५८८ रुपये, डावा गेला तर ५०४. दोन हातांतला फरक ८४ रुपयांचा, म्हणजे चार महिन्यांच्या पगाराहूनही थोडा अधिक. डावखुऱ्या भगिनींच्या मनात येथे काय येईल ते सांगावयास नको. आणि ही रक्कम एकदाच हाती यायची. पुढचे सारे आयुष्य त्यावर काढायचे.

तरीही हा कायदा नव्हता त्यापेक्षा होता हे बरे झाले. त्याआधी मुंबईच्या गिरणीत हात गमावलेल्याने धन्यावर दिवाणी दावा लावून त्याची चूक सिद्ध करायची, असा मार्ग होता. आणि तो कोणाच्या ऐपतीतला नव्हता. नव्या कायद्याने चूक कोणाची हे बहुतेक प्रसंगी बाजूला ठेवले, आणि आकड्यांचा तक्ता समोर ठेवल्याने घासाघीस कमी झाली. आकड्यात अन्याय असतो. परंतु साहेबाच्या लहरीपेक्षा आकडा बरा, असे माझे मत आहे. त्या काळी कामगारांची बाजू मांडणारे ना. म. जोशी केंद्रीय विधिमंडळात होते. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला. त्यासाठी बाबासाहेब आंबेडकर १९२८ मध्ये कायदेमंडळात बोलले. गिरणीतल्या बाईच्या देहाची कायद्याने घेतलेली ही मोठी दखल. परंतु ती गिरणीतली बाई होती. चुलीपुढली बाई त्या कोणत्याच परिशिष्टात नव्हती.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात आजारपणात व अपंगत्वात सरकारने आपल्या आर्थिक ऐपतीप्रमाणे साहाय्य करावे, असे तत्त्व घातले गेले. ‘आर्थिक ऐपतीप्रमाणे’ हे शब्द वाचून मला आपल्या घरखर्चाच्या वहीची आठवण होते. अपंगांचे साहाय्य हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांकडे दिलेला आहे. म्हणून एका राज्यातली रक्कम दुसऱ्या राज्यात भेटत नाही. १९४८ मध्ये कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. १९५५ साली मुंबईत हाजी अलीला भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. १९६२ मध्ये त्या जुन्या परिशिष्टाच्या जागी नवे, लांबलचक परिशिष्ट आले. त्यात उजव्याडाव्याचा भेद गेला आणि हाताचा किती भाग उरला हे इंचांत मोजण्याची रीत आली. अंगठ्याचे २५ चे ३० झाले, तर्जनीचे १० चे १४, आणि पूर्ण बहिरेपणाचे ५० चे एकदम १००. १९२३ सालचा बहिरा मनुष्य आणि १९६२ सालचा बहिरा मनुष्य यांत काय फरक पडला असेल? देह तोच, फक्त मोजणाऱ्यांचे मत बदलले. आकडे आभाळातून पडत नाहीत, हे यावरून कळते. (हा कायदा पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आला.)

याच कायद्याखाली एका सुताराचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचा निकाल १९७६ च्या निकालसंग्रहात आहे. इमारतीच्या कामावर असता पडून त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. परिशिष्ट उघडून मालक म्हणाला, हे तर ठराविक टक्क्यांचे प्रकरण, पूर्ण अपंगत्व कसे? न्यायालयाने सांगितले की, सुतारकाम एका हाताने होत नाही. म्हणून त्याच्यापुरते हे शंभर टक्के. हा निकाल मला मोठ्या शहाणपणाचा वाटतो. माणूस काय करीत होता, ते आता त्याला करता येते का, हे विचारल्यावाचून नुसत्या अवयवाचे माप अपुरे पडते.

मग साहजिकच पुढचा प्रश्न येतो. पोळ्या लाटणारीचा हात गेला तर?

मोटार अपघातांच्या कायद्यात १९९४ साली जो तक्ता घातला होता, त्यात न कमावणाऱ्या पत्नीची मिळकत पतीच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा धरावी, असे होते. म्हणजे दोघी शेजारणी सारखेच धुणे धूत असल्या, तरी कारकुनाच्या बायकोचे धुणे स्वस्त आणि अधिकाऱ्याच्या बायकोचे महाग! १९८९ च्या मार्चमध्ये जमशेदपूरला एका समारंभात आग लागून कित्येक स्त्रिया व मुले दगावली. त्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत दरमहा ३,००० रुपये धरली. २०२१ च्या जानेवारीत पुन्हा एका अपघाताच्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी या विषयावर स्वतंत्र लिहिले. त्यांनी सरकारच्याच २०१९ च्या वेळेच्या पाहणीचा आधार घेतला. घरातल्या बिनपगारी कामात बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७, असे तीत आढळले होते. २९९ म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. तेवढे एक मिनिट तरी कोणाला विसावा मिळतो कोण जाणे.

हे झाले न्यायालयांतले. परंतु आपल्याकडे अर्ज घेऊन येणाऱ्या शंभरातल्या नव्वद बायकांचा न्यायालयाशी संबंध नसतो. त्यांचा संबंध येतो जिल्ह्याच्या रुग्णालयाशी आणि तहसील कचेरीशी. तेथले मोजमाप वेगळे आहे, आणि त्याचा इतिहासही अलीकडचा.

१९७७ मध्ये केंद्र सरकारने आपल्या खालच्या दोन वर्गांच्या नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखल्या. जागा राखल्या म्हणजे अपंग कोण हे ठरवणे आले. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून साजरे झाले. मग १९८६ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय कल्याण मंत्रालयाने साऱ्या देशासाठी एकसारख्या व्याख्या काढल्या. चाळीसच्या खाली सौम्य, चाळीसपासून मध्यम, पंचाहत्तरपासून तीव्र, अशा पायऱ्या त्यात होत्या, आणि सवलतींसाठी किमान पायरी चाळीसची. १९९५ च्या कायद्यात तोच आकडा व्याख्येतच घातला गेला. हा कायदा फेब्रुवारी १९९६ मध्ये अमलात आला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्यात प्रकार एकवीस झाले. ॲसिड हल्ल्यात होरपळलेल्या मुली त्यात आल्या, आणि आपल्या विदर्भात व नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेलचा आजारही आला. शब्दही बदलले : पंगू, अपंग, विकलांग, आणि आता दिव्यांग. चाळीस मात्र हलले नाहीत.

हे चाळीस मोजतात तरी कसे? जून २००१ मध्ये सरकारने त्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ती २०१८ मध्ये व पुन्हा २०२४ मध्ये सुधारली. त्यातील हाताची तपासणी मी एका बाईंबरोबर जाऊन प्रत्यक्ष पाहिली, ती सांगते. त्यांना मी मावशी म्हणते, नाव देत नाही. घरोघरी स्वयंपाकाला जात होत्या. पडून उजवा हात मोडला, तो वाकडा सांधला गेला. त्याच पडण्यात गुडघाही कामातून गेला. तरुण डॉक्टर बोलण्यात अदबशीर होते. “मावशी, अंगठा एकेका बोटाला टेकवून दाखवा बरं.” प्रत्येक बोटाचे दोन गुण, चार बोटांचे आठ. मग किल्ली चिमटीत धरायची, त्याचे पाच. जाड आणि बारीक नळकांडे मुठीत धरायचे, तीन अन् तीन सहा. मोठा आणि लहान चेंडू धरायचा, तेही सहा. शेवटी पिशवी बोटांच्या आकड्यात अडकवून उचलायची, पाच. एकंदर पकडीचे तीस. तितकेच तीस स्पर्शज्ञानाला आणि तीस ताकदीला. असे हाताचे नव्वद. व्यंग, दुखावलेपणा यांसाठी वर दहापर्यंत जास्तीचे गुण, आणि त्यांतच चालता हात असेल तर चार. पाहा, चाच्यांचा तो उजवा हात फिरून आला! १९२३ मध्ये त्याला दहाची वाढ होती, १९६२ मध्ये काहीच नाही, आणि २००१ मध्ये चार.

माझ्या मनात आले, लाटणे कोठे आहे? कणकेचा गोळा मळून दाखवा, भरली कळशी उचला, ओला पिळा झटका, असे कोणी विचारीत नाही. चेंडू धरता आला म्हणजे पातेले उतरवता येते, असे नाही. अर्थात डॉक्टरांचा यात काही दोष नव्हता. कागदावर जे रकाने होते, ते त्यांनी नीट भरले.

हाताचे २५ भरले आणि पायाचे १५. मावशी तिसरीपर्यंत शिकलेल्या. हिशेब त्यांना येतो. बाहेर येताच हसून म्हणाल्या, “झाले की हो चाळीस!” दाखला आला तो छत्तीसचा. “पंचवीस नि पंधरा छत्तीस कोणत्या शाळेत होतात, बाई?” असे त्यांनी मला विचारले, तेव्हा मी घरी येऊन ते सूत्र शोधून काढले.

दोन हानी एकत्र करताना सरळ बेरीज करीत नाहीत. मोठा आकडा आधी घ्यायचा. नव्वदातून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचे, नव्वदाने भागायचे आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचे. त्यामागचा विचार असा : डब्यात नव्वद शेर तांदूळ होते. पंचवीस शेर एकदा सांडले. राहिले पासष्ट. दुसऱ्या खेपेला ‘नव्वदातले पंधरा’ या मानाने सांडायचे, पण ते आता भरल्या डब्यातून नव्हे, उरलेल्या पासष्टांतून. म्हणून पंधरा नव्हे, पावणेअकरांच्या आसपास. पंचवीस आणि दहा पूर्णांक त्र्याऐंशी शतांश मिळून पस्तीस पूर्णांक त्र्याऐंशी, म्हणजे छत्तीस. असे न केले तर दोनतीन व्यंगे असलेल्या माणसाची बेरीज शंभरावर जाईल, ही अडचण खरी आहे. अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने १९५८ पासून ज्या मार्गदर्शिका काढल्या, त्यांतही अशाच जातीचे सूत्र आहे. गणित म्हणून मला त्यात खोट काढता येत नाही. परंतु ज्या बाईचा हातही गेला आणि पायही गेला, तिच्या घरात दुसरी हानी पहिलीपेक्षा हलकी पडत नाही, उलट जड पडते. लंगडणारी बाई दोन हातांनी भिंत धरून चालते. हात नसलेली पायाने काही सरकवते. दोन्ही गेल्यावर काय? तांदळाच्या डब्याला हा प्रश्न नसतो.

कानाचे सूत्र असेच विलक्षण आहे. बऱ्या कानाला पाच वाटे आणि वाईट कानाला एक, असे सहा वाटे करतात. एक कान पूर्ण गेला व दुसरा चांगला असला, तर सहाचा एक वाटा, म्हणजे सतरा टक्क्यांच्या आत. एक डोळा गेला आणि दुसरा निर्दोष असला तर तीस. १९२३ च्या परिशिष्टातही एका डोळ्याला तीसच होते! तेव्हाच्या तिसावर भरपाई मिळे. आताच्या तिसावर दाखला मिळतो, पण सवलत नाही, कारण मध्ये चाळीसची भिंत आहे.

मतिमंद मुलांसाठी पूर्वी बुद्ध्यंकावर टक्के ठरत. आता मूल आपल्या हाताने जेवते का, कपडे घालते का, एकटे शेजारी जाते का, अशा प्रश्नांची सामाजिक प्रौढतेची कसोटीही लावतात. तिचे भारतीय रूप नागपूरच्या डॉ. मालिन यांनी तयार केले, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. मूल दिवसभर काय करते हे आईला सर्वांत अधिक माहीत, आणि या कसोटीत उत्तरे बहुधा तिच्याकडूनच घेतात. येथे आईची साक्ष ग्राह्य आहे.

आणखी एक चांगली गोष्ट सांगितली पाहिजे. मानसिक आजाराचे अपंगत्व मोजण्यासाठी भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी २००२ मध्ये एक श्रेणी बसवली. तिचे चार रकाने आहेत : स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणेसमजणे आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, आणि आजार किती वर्षांचा त्याचे निराळे. बेरीज सातावर गेली की चाळीस टक्के. यातल्या ‘काम’ या रकान्यात नोकरी किंवा शिक्षण यांच्या बरोबरीने घरकामही धरलेले आहे. बाई घर सांभाळू शकते की नाही, हे तेथे कामच समजतात. एथेलबर्टापासून शोधत आले, तेव्हा कोठे एका सरकारी मापात मला चूल सापडली.

दाखला मिळाला म्हणजे पैसे मिळाले, असे मात्र नव्हे. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. तिच्यात टक्क्यांच्या जोडीला घराचे उत्पन्न पाहतात. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा एक हजारावरून दीड हजार झाली आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ती अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. केंद्राची निवृत्तिवेतनाची योजना २००९ ची. तिला दारिद्र्यरेषेखालचे कार्ड लागते आणि चाळीस नव्हे, ऐंशी टक्के लागतात. केंद्राचा वाटा २०१२ पासून दरमहा तीनशे रुपयांचा. म्हणजे दाखल्यावर लिहिलेली व्यक्ती एक, पण बसच्या सवलतीला ती अपंग, आणि केंद्राच्या तीनशे रुपयांना ती अपंग नव्हे, असे होऊ शकते.

उत्पन्नाची अट बायकांना फार जाचते. कारण उत्पन्न कुटुंबाचे धरतात. मुलाच्या किंवा भावाच्या घरी आश्रयाला राहणारी अपंग बाई त्या घराच्या रेशनकार्डावर असते. पण तिच्या हाती त्या उत्पन्नातली दमडी येत नाही. भाऊ मिळवतो म्हणून ती निराधार नव्हे, असे कागद म्हणतो. मुलीचे लग्न मोडेल म्हणून आईबापांनी दाखलाच काढला नाही, आणि आईबाप गेल्यावर ती पन्नाशीत आमच्याकडे आली, अशाही दोघी मला भेटल्या आहेत. अशा वेळी जुने केसपेपर कोठून आणायचे? दुसऱ्या बाजूने खोटे दाखले काढणारेही निघतात. त्यांच्यामुळे दर वेळी एक नवा कागद वाढतो, आणि तो कागद खोट्याला लवकर मिळतो, खरीला उशिरा.

आता दाखल्याचा अर्ज संगणकावर भरतात आणि देशभर चालणारे एकच ओळखपत्र मिळते. ही सोय खरोखर मोठी आहे. माहेरचा दाखला सासरच्या जिल्ह्यात चालत नाही, हे दुखणे त्याने गेले. टक्के मान्य नसतील तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे अपील करता येते. हे बहुतेक बायकांना ठाऊक नसते आणि खिडकीवर कोणी आपण होऊन सांगत नाही.

मावशींचे अपील आम्ही केले आहे. हाताचा स्पर्श पहिल्या वेळी नीट तपासला गेला नव्हता, असे दुसऱ्या एका डॉक्टरांचे मत पडले, आणि त्यांची चिठ्ठी अर्जाला जोडली आहे. तारीख अजून यायची आहे. ज्या भगिनींकडे अशी प्रकरणे असतील, त्यांनी आधारकार्ड, रेशनकार्ड, दोन छायाचित्रे आणि असतील नसतील ते सारे जुने केसपेपर घेऊन बुधवारी दुपारी मंडळात यावे. केसपेपर फाटका असला तरी टाकू नये.